सोडाल्यातला रशियन वर्ग

२४ फेब्रुवारी २०२२

पोहे परतत होते तेवढ्यात विलासने हॉलमधून हाक मारली, "मंदा, तुझ्या लोकांनी युद्ध सुरू केलं बघ."

माझे लोक म्हणे. पुण्यात रशियन शिकले आणि या जयपुरात वीस वर्षं रशियन पाहुण्यांना आमेर नि हवामहल दाखवला, म्हणून आता रशियाच्या करणीचा जाबही मीच द्यायचा. नवरा सुभेदार होऊन सैन्यातून निवृत्त झाला, पण बायकोला टोमणे मारण्यातून काही अजून निवृत्त झालेला नाही. पोहे करपले ते करपलेच.

टीव्हीवर एक निवेदक रणगाड्यांच्या चित्रापुढे उभा राहून इतक्या आनंदाने ओरडत होता, की याच्या घरी आज बारसं असावं. मी टीव्ही बंद केला आणि लरीसाला मेसेज टाकला. लरीसा युक्रेनमधल्या खारकीवची, शाळेत शिकवते. दोनदा जयपूर बघून गेलीय. तीही रशियनच बोलते, त्यामुळे आमचं छान मेतकूट जमलेलं. करोनात मी घरी बसून होते. मार्चअखेर येणारा तिच्या मैत्रिणींचा गट हे त्यानंतरचं माझं पहिलं काम.

तिचं उत्तर आलं, "आम्ही मेट्रोत आहोत."

मी मूर्खासारखं विचारलं, कुठे निघालीस?

"कुठेच नाही. वर बॉम्ब पडताहेत, म्हणून खाली बसलोय."

 गट येणार नाही हे लगेच कळलं, आणि आधी त्याचंच वाईट वाटलं याचा मग राग आला.

१२ मार्च

राजा पार्कमधल्या एका हॉटेलातून फोन आला. दोन रशियन अडकलेत, येऊन समजावा. गेले. मॉस्कोचं तरुण जोडपं, नुकतं लग्न झालेलं. त्यांची कार्डं परवापासून रशियाबाहेर चालेनाशी झालीत. मॅनेजर हिंदीत नाही नाही ते बोलत होता आणि मी त्याचं रशियन करताना सगळे काटे काढून टाकत होते. तो म्हणाला, "चोर हैं साले." मी सांगितलं, "मॅनेजरसाहेबांना थोडी काळजी वाटतेय." हे आमच्या धंद्याचं कसब आहे. गाइड म्हणजे दोन बाजूंच्या मधली उशी.

ती पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "आम्ही काय केलंय?" मी गोड हसून म्हणाले, "काही नाही, बाळा, होईल सगळं ठीक." मनात वेगळंच होतं. काहीच केलं नाहीत, हेच तर तुमचं चुकलं. पण मग असंही वाटलं, की त्यांनी काय करायला हवं होतं ते मी कोण सांगणार.

शेवटी मॅनेजरने बिलापोटी त्या मुलाचा कॅमेरा ठेवून घेतला. ते दोघे गेल्यावर मी मॅनेजरला त्याच्या तोंडावर निर्लज्ज म्हणाले. सगळा स्टाफ ऐकत होता. बरं वाटलं.

१९ जून

लरीसाचा मेसेज, इंग्रजीत. ती आता पोलंडमध्ये आहे. यापुढे रशियन बोलणार नाही, तिला लिहायचं तर इंग्रजीत लिहावं म्हणे.

वाचून मी भडकलेच. भाषेने काय घोडं मारलंय तिचं? तिची आई तिला याच भाषेत झोपवायची, मला तिनेच सांगितलं होतं. मी तेवढंच लिहून पाठवलं, रशियनमध्ये. तिने पुढे विचारलं, तुमचा देश त्यांचं तेल का घेतो? जशी काही मीच टँकर घेऊन गेले होते. उत्तर दिलं नाही.

खालच्या मजल्यावरचे बँकवाले अंकल संध्याकाळी पार्कात सांगत होते, रशियाने स्वस्तात तेल दिलं, बघा आपली काय पत आहे जगात. मी म्हटलं, अंकलजी, आपली पत पंपावर कधी दिसणार? ते देशप्रेमावर बोलायला लागले. दुकानात सूर्यफुलाच्या तेलाच्या पिशवीवरचा भाव बघवत नाही, आणि हे पत मोजताहेत. आम्ही शेंगदाणा तेलावर आलो. काम काहीच नाही.

६ सप्टेंबर २०२३

एवढ्या दिवसांनी वही उघडली, कारण लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

परवा संकल्प आला होता. हा समोरच्या बिल्डिंगमधल्या इंदुबाईंचा मुलगा. त्याचे वडील विलासच्या हाताखाली नाईक होते, ते गेले तरी इंदुबाई मुलाच्या शिक्षणासाठी सांगलीला न जाता इथेच राहिल्या. संकल्पला सैन्यात जायचं होतं. करोनात भरती बंद राहिली आणि ती सुरू होईपर्यंत याचं वय निघून गेलं. सरकारला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, या मुलांना सगळं आयुष्य. आता तो इथल्याच सोडाला भागात एका मोबाइलच्या दुकानात बसतो. मराठी बोलताना बिचारा दर वाक्याला अडखळतो.

"काकू, आमच्या दुकानावर, मतलब, वरच्या माळ्यावर राघवजींचं ऑफिस आहे. ते रशियाला मुलं पाठवतात. कामाला. त्यांना रशियन शिकवणारं कोणी पाहिजे. मी तुमचं नाव बोललो."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. हा राघव चाळिशीचा, कपाळाला टिळा, बोलण्यात साखर. "मैडमजी, वहाँ आदमी नहीं बचे. सब लड़ाई में हैं. गोदाम, कैंटीन, सिक्योरिटी में हेल्पर चाहिए." बरोबरच आहे. युद्धाने माझं काम घेतलं, निदान आता थोडं परत तरी देतंय. संकल्पही जाणार आहे.

येताना फळा पुसायचा डस्टर विकत घेतला. किती दिवसांनी.

२० सप्टेंबर

राघवशी कडाक्याचं भांडण. मी पहिल्या दिवसापासून अक्षरओळख सुरू केली, तर हा म्हणतो, पढ़ना-लिखना छोड़िए, बोलना सिखाइए. टाइम नहीं है. मी म्हटलं, अक्षरांशिवाय भाषा शिकवणं म्हणजे पोराला हात धरून रस्त्यात सोडणं आहे. तो हात जोडून हसत राहिला. असल्या हसणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे कापसावर बुक्क्या मारणं. शेवटी मी ऐकलं. फी त्याची, वर्ग त्याचा. पण शिक्षिका म्हणून अपमान झाला तो झालाच.

त्याने काही खास शब्दही घ्यायला सांगितलेत. उचला, पळा, मागे या, आडवे व्हा, पाणी, पट्टी. मी विचारलं, गोदामात आडवं कशाला व्हायचंय? "मेडिकल होता है ना, मैडमजी." भाषेतलं काही कळत नाही आणि चालला अभ्यासक्रम ठरवायला.

४ ऑक्टोबर

आज मुलांना गाइडची पहिली शिकवण दिली. पाहुण्यासमोर "समजलं नाही" असा चेहरा कधी करायचा नाही. हसायचं आणि म्हणायचं "कन्येश्ना", म्हणजे "अर्थातच". तो पुढे दोन वाक्यं बोलला की त्याला काय हवंय ते आपोआप उमगतं. "समजलं नाही" म्हटलं की तिथेच भिंत उभी राहते. वीस वर्षांत या एका शब्दावर माझं कधी अडलं नाही.

संकल्पने विचारलं, "काकू, पण खरंच समजलं नाही तर?"

"तर अजून गोड हसायचं."

त्याचा उच्चार ऐकून मी चकित झाले. डोळे मिटून ऐकलं तर मॉस्कोचा मुलगा वाटेल. मराठीत अडखळणारा हा पोरगा रशियनमध्ये मोकळा होतो. शेखावाटी भागातल्या खेड्यातला पृथ्वीराज मात्र ठोंब्या. सारखं "समझ में नहीं आया, मैडमजी." त्याला फळ्याशी उभा करून वर्ग संपेपर्यंत कन्येश्ना म्हणायला लावलं, तरी तोंडातून नीट निघेना. असली मुलं तिकडे जाऊन काय दिवे लावणार.

२९ ऑक्टोबर

इंदुबाई आल्या. चहा नको, पाणी नको, नुसत्या खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तिकडं लडाई चालू हाय म्हंत्यात. पोरगा म्हनतोय लडाई लांब हाय. तुमी त्या लोकास्नी वळखता न्हवं?"

मी सांगितलं, मॉस्कोपासून लढाई शेकडो मैल लांब आहे. रशियन माणूस दिसायला रुक्ष, पण आतून मायाळू. एकदा घरचा म्हटला की जीव लावतो. आणि संकल्पला भाषा येते, त्याला कसली भीती? ज्याला बोलता येतं त्याचं कुठेच अडत नाही.

"तुमी म्हंता तर जाऊ द्या," म्हणाल्या आणि उठल्या. विलास पेपरमागून म्हणाला, "लढणाऱ्या देशात नागरी नोकरी नावाची गोष्ट नसते, मंदा." याला कायम मोडता घालायचा असतो. मी म्हटलं, तू तुझा पेपर वाच.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि मुलं गेली. इंदुबाईंनी पोह्यांचा चिवडा आणि चकल्यांचा डबा दिला. संकल्प माझ्या पाया पडला आणि रशियनमध्ये म्हणाला, "बाई, तुमचे मनापासून आभार." विभक्तीसुद्धा चुकला नाही. टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत होते. वर्गात आता कोणी नाही, राघव म्हणतो पुढची बॅच जानेवारीत.

१४ जानेवारी २०२४

गच्चीवर पतंगांचा गोंधळ, सगळी कॉलनी वर. इंदुबाई तिळगूळ घेऊन आल्या आणि कौतुकाने मोबाइल दाखवला. संकल्पचा फोटो आला होता. हिरवट कपडे, जाड बूट, मागे बर्फ. "सिक्योरिटीचा डरेस दिलाय बगा."

मी म्हटलं, छान दिसतोय. विलासने मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मग इंदुबाईंना सरळ विचारलं, "वहिनी, तो शेवटचं कधी बोललाय तुमच्याशी?"

त्या गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही सिक्युरिटीची वर्दी नाही. छातीवर टुर्निके बांधलंय त्याने. जखमेचं रक्त थांबवायला आवळतात तो पट्टा."

मी त्याच्यावर इतकी ओरडले, की शेजारच्या गच्चीवरची मुलं बघायला लागली. याला सगळीकडे युद्धच दिसतं. त्याच्या डोक्यातून सैन्य काही जात नाही.

२१ जानेवारी

दुपारी संकल्पचा फोन आला. मला, आईला नाही. आवाज बारीक, मागे वाऱ्याचा नाहीतर कसला तरी घुमणारा आवाज.

त्याला मॉस्कोहून एका छावणीत नेलं. तिथून पुढे खारकीवच्या बाजूला. खंदक खणतात, पेट्या वाहतात, पडलेली माणसं ओढून मागे आणतात. त्यांच्यातला झुंझुनूचा एक मुलगा गेल्या आठवड्यात गेला.

"तू हे कबूल कसं केलंस?" मी विचारलं.

"काकू, त्या साहेबाने कागद ठेवला समोर. लंबं-चौडं बोलला काहीतरी. मला थोडं समजलं, थोडं नाही. मी हसून कन्येश्ना म्हटलं. ते खूश झाले सगळे, पाठीवर थाप मारली. साहेब बोलला, उच्चार छान आहे. मग बाकीच्यांना पण मीच सांगितलं, मतलब, साइन करा, प्रॉब्लेम नाही."

मी ओरडले, "कळलं नव्हतं तर विचारायचं नाही? सही कशाला केलीस?"

तो म्हणाला, "काकू, तुम्हीच..." आणि फोन बंद पडला. मीच काय ते त्याला सांगायचं राहून गेलं. तिकडे रेंज नसणार.

तो राघव माझ्या हाताला लागला पाहिजे. त्याचं टिळा लावलेलं कपाळ फोडलं नाही तर नावाची मंदाकिनी नाही.

२३ जानेवारी

सोडाल्याला गेले. राघवच्या दाराला कुलूप, पाटी काढलेली. माझा फळा जिन्यात उपडा पडला होता. खालच्या मोबाइलवाल्याने खांदे उडवले, "किराए पर था, मैडम, चला गया." मी त्याच्या काउंटरवर हात आपटला तर काच तडकली. त्याने भरपाई मागितली नाही, म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं.

तिथून विलास, इंदुबाई आणि मी पोलीस चौकीत. साहेब म्हणाले, लड़का बालिग है, अपनी मर्ज़ी से गया है, साइन किया है. दिल्लीला मेल करा. मेल केले. विलासने त्याच्या सगळ्या जुन्या साहेबांना फोन लावले. सगळे म्हणाले, बघतो.

घरी आल्यावर विलासने बूट काढता काढता विचारलं, "तू त्यांना वाचायला का नाही शिकवलंस?"

"राघव नको म्हणाला म्हणून!" मी किंचाळले. "मी भांडले होते त्याच्याशी. मला जाब विचारतोस? जा ना, त्या मॉस्कोला विचार, दिल्लीला विचार, भरती बंद करणाऱ्याला विचार. सगळ्या जगाने मिळून ती मुलं तिथे ढकलली आणि सापडले मी."

तो म्हणाला, "मी फक्त विचारलं." आणि मोजे वाळत घालायला गेला. त्या माणसाचं हे शांत बोलणं मला एक दिवस वेडं करणार आहे.

११ मार्च

बातम्यांत येतंय, अशी मुलं इतर राज्यांतूनही गेलीत. एजंटांवर धाडी पडताहेत. राघव नाही सापडला. टीव्हीवर तोच निवेदक आता आपल्या मुलांसाठी गळा काढतोय. युद्धाच्या पहिल्या दिवशीचा त्याचा आनंद मला आठवतो.

फार विचार करून लरीसाला लिहिलं, यावेळी इंग्रजीत. आमचा एक मुलगा फसून रशियन सैन्यात अडकलाय, तुमच्याच भागात आहे, तुझी कोणाशी ओळख असेल तर सांग. चांगला मुलगा आहे, असंही लिहिलं.

तिचं उत्तर आलं. "आमच्या गावात तो काय करतोय?"

एवढंच. मी तिला काय नाही दाखवलं या शहरात, घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घातली. मोबाइल सोफ्यावर फेकला. अर्ध्या तासाने उचलून परत वाचलं तर वाक्य तेच होतं. 

२ सप्टेंबर

दोन्ही सरकारांची बोलणी झाली म्हणे, आणि काही मुलं सुटली. आमच्या वर्गातला पृथ्वीराज परत आला. पायाची दोन बोटं गारठ्याने गेलीत. गावी जाण्याआधी काठी टेकत इंदुबाईंना भेटायला आला.

"मुझे तो कुछ बोलना आया ही नहीं, मैडमजी," तो खाली मान घालून म्हणाला. "समझ में नहीं आया, समझ में नहीं आया, यही बोलता रहा. उन्होंने गाली देकर रसोई में बिठा दिया. आलू छीले मैंने."

"आणि संकल्प?"

"वो आगे है. बड़े साहब के साथ रहता है."

इंदुबाईंचा चेहरा उजळला. "सायबासंगं हाय म्हंजी बरा आसंल." त्यांनी पृथ्वीराजला वरण-भात वाढला, वर तूप घातलं, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मला त्याच्या प्रत्येक घासाचा राग येत होता. ठोंब्या परत आला आणि माझा हुशार मुलगा तिकडे. हे लिहिणं बरं नाही, पण वाटलं ते वाटलं. तो निघताना दाराशी थांबला, काहीतरी सांगायचं असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला, आणि मग नमस्कार करून गेला.

९ सप्टेंबर

सकाळी संकल्पचा मेसेज होता, दुपारी साहेबांच्या फोनवरून फोन करतो, तुम्ही त्यांच्याशी बोला, आईला पण बोलवा. इंदुबाई लवकरच येऊन बसल्या. नेसूची नवी साडी, केसांना तेल. विलास आतल्या खोलीत गेला, पण दार लोटलं नाही.

आधी संकल्प दोन वाक्यं बोलला, आईला म्हणाला, जेवतो, ठीक आहे. मग त्याचा साहेब, एक मेजर. आवाज सुसंस्कृत, घाई नाही. मी माझं सगळं ठेवणीतलं रशियन काढलं. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, आपली मोठी कृपा, एका विधवा आईची विनंती आहे.

तो म्हणाला, "बाईसाहेब, किती सुंदर बोलता. असं रशियन आता आमच्याकडेसुद्धा ऐकू येत नाही."

आणि मला बरं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. खोटं लिहायचं तर ही वही कशाला.

मग त्याने सांगितलं. संकल्पच्या सुटकेचा आदेश येऊन पडलाय. मेजरनेच तो अडवून ठेवलाय. त्याच्याकडे भारतातले आणि नेपाळमधले आणखी मुलगे आहेत, त्यांना हुकूम कळत नाहीत. संकल्प सांगतो, पुढे पळा, मागे या, आडवे व्हा. तो गेला तर ते मुलगे पहिल्याच दिवशी मरतील. बाकीच्यांच्या बदली माणसं मिळतात, याची मिळत नाही. "तुमच्या विद्यार्थ्याने आमचं फार काम केलंय. त्याला इतक्यात सोडता येणार नाही. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

मला ओरडायचं होतं. आयुष्यभर मॅनेजरवर, टॅक्सीवाल्यावर, नवऱ्यावर ओरडत आले, घसा तयार होता. पण रशियनमध्ये मला शिवी येत नाही. कधी लागलीच नाही. पाहुण्यांशी बोलायची भाषा ती. तोंडातून निघालं, "कृपा करून पुन्हा एकदा विचार व्हावा." तो म्हणाला, "आईंना माझा नमस्कार सांगा," आणि फोन ठेवला.

इंदुबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हनला?"

माझ्या मनात आलं, काटे काढून सांगावं. साहेब चांगले आहेत, थोडा वेळ लागेल म्हणाले, एवढं पुरलं असतं. त्या खूश होऊन घरी गेल्या असत्या. पण या वेळी जमलं नाही. जसं बोलला तसं सांगितलं, शब्दाला शब्द.

त्या ऐकत होत्या. मांडीवरचा पदर दोन्ही हातांनी सारखा केला. मग म्हणाल्या, "म्हंजी चांगलं शिकिवलंसा तुमी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उलट काहीतरी बोलता आलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, राग दिसावा म्हणून. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

विलास बाहेर आला. मी म्हटलं, बोल आता, बोल काय बोलायचंय ते. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला.

१० सप्टेंबर

सकाळी दार वाजलं. इंदुबाई. कालचीच साडी.

"वहिनी, मला शिकवा. त्या सायबासंगं म्या बोलनार."

"अहो, मी बोलते ना पुन्हा. आज परत लावते फोन."

"न्हाई. तुमी लई ग्वाड बोलता."

माझ्यासारख्या तिखट बाईला हे आजवर कोणी म्हटलेलं नाही. मी त्यांना आत घेतलं, समोर बसवलं. विचारलं, काय म्हणायचंय तुम्हाला?

"माझा पोरगा माघारी द्या. येवढंच."

तीन शब्दांत होतं ते रशियनमध्ये. मी पहिला शब्द सांगायच्या आधी सवयीने "कृपया" सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"त्यो नगं," म्हणाल्या.

मग तीन शब्द सांगितले. त्यांनी म्हणून बघितले. जीभ वळेना, तरी पुन्हा म्हटले, पुन्हा म्हटले. हळूहळू आवाज चढला. मान ताठ, एक हात टेबलावर, समोर भिंत आणि त्या भिंतीला सांगताहेत. सगळे उच्चार चुकत होते. मी एकही सुधारला नाही. दुपारी त्या जेवायलासुद्धा उठल्या नाहीत, आणि मीही त्यांना थांबा म्हटलं नाही.